भिवराबाईचं पहिलं शील

एकोणीसशे छप्पन साली पळसटोलीत पस्तिशीच्या आतलं जे कुणी चालतंबोलतं माणूस होतं, ते भिवराबाई गणवीरच्या हातून जगात आलेलं होतं. पाटलाचा थोरला असो, तेल्याची जुळी असोत की आमच्या वस्तीतली पोरं असोत, पाठीवर पहिली थाप तिचीच. बाळंतिणीच्या खोलीत तिला मज्जाव नव्हता; ओसरीवर मात्र होता. परसदारानं आत जायचं, जीव मोकळा करायचा आणि परसदारानंच बाहेर यायचं. ती गेली की पाटलीणबाई खोलीभर गोमूत्र शिंपडायची. आणि तेच लेकरू चार वर्षांचं झालं की रस्त्यात तिला पाहून लांबूनच "सुईणमाय, सुईणमाय" म्हणून ओरडायचं. भिवराबाई म्हणायची, "ओरड बाप्पा. बाहेर येतानाबी असाच ओरडत होता."

बुटकी, रुंद हाडाची बाई. नवरा लवकर गेला, तेव्हा तिचा एकुलता एक मोतीराम पाच वर्षांचा होता. त्याला तिनं याच कामावर वाढवला. तिला व्यसनं दोन. एक, बाळंतपण उरकलं की मोहाच्या दारूचा घोट. दुसरं, खरं बोलणं. दुसऱ्या व्यसनाचा गावाला जास्त त्रास होता.

त्याच वर्षी दसऱ्याला आमची अख्खी वस्ती धम्मदीक्षेला नागपूरला गेली. पांढरी वस्त्रं नेसून यायचं असा निरोप होता. पांढरी लुगडी कुणाच्या बापानं घेऊन ठेवली होती? बायांनी आहे तीच लुगडी सोड्यात उकळून उकळून पांढरी केली. भिवराबाईचं मात्र हट्टानं गुलाबीच राहिलं. ती म्हणाली, "बुद्ध काई लुगडं पाहाले बसला नसंन," आणि तसंच नेसून निघाली. थोडं चालत, थोडं बैलगाडीनं, उरलेलं रेल्वेनं. त्या अफाट गर्दीत पुढचं काही दिसत नव्हतं. कर्ण्यातून आवाज यायचा आणि लाखो माणसं मागून बोलायची. भिवराबाईनंही बावीस प्रतिज्ञा म्हटल्या. देवदेवतांना मानणार नाही, खोटं बोलणार नाही, दारू पिणार नाही. एकेक शब्द तोलून म्हटला.

परतीच्या वाटेवर मोतीराम म्हणाला, "माय, आज आपला नवा जन्म झाला."

"मी किती जन्म पाह्यले, मले नोको शिकवू," भिवराबाई म्हणाली. "लेकरू रडलं नाई तं मले घोर लागते. पन आज सारेच रडून राह्यले होते. म्हणजे बरोबर झाला जन्म."

गावी आल्यावर घरोघरचे देव टोपल्यांत भरून तलावात नेले. खंडोबाचे टाक, मरीमाईचे शेंदरी दगड, कुणाचा पितळी नाग. भिवराबाई रिकाम्या हातानं काठावर उभी. तिचा एकच देव, सटवाई, आणि सटवाईला मूर्ती नसते. मूल जन्मलं की पाचव्या दिवशी संध्याकाळी पाट्यावर वरवंटा उभा करायचा, त्याला हळदकुंकू, कापडाचा तुकडा, शेजारी विळा, कोरा कागद, बोरू आणि घुगऱ्या. त्या रात्री सटवाई येते आणि लेकराच्या कपाळावर त्याचं आयुष्य लिहून जाते. ती पूजा मांडायची ती सुईणीनं. भिवराबाईच्या कामाचं अर्धं मोल हातात होतं, अर्धं या पूजेत.

"भिवरामाय, तुहा देव कुठं हाय?" कुणीतरी खवचटपणे विचारलं.

"वरवंटा फेकू काय तळ्यात? मंग चटनी तुह्या डोक्शावर वाटू?"

सगळा काठ हसला. ते दिवस होतेच तसे. पोटात अन्न कमी आणि छातीत हवा जास्त. तलावावरून परत येताना रिकाम्या टोपल्या डोक्यावर घालून बाया नाचल्या, ते पाहिलेली माणसं अजून आहेत.

दीड महिन्यानं बातमी आली. बाबासाहेब गेले. तीन दिवस वस्तीत चूल पेटली नाही. बापानं बोट धरून उभं केलं आणि पहिलं पाऊल टाकायच्या आत बोट सुटलं, अशी गत झाली. भन्ते नाही, विहार नाही, चार पानांची एक पुस्तिका आणि देवाजी मास्तर, एवढाच आमचा धम्म.

देवाजी गजभिये आमच्याच वस्तीतला, शेजारच्या गावी शाळामास्तर होता. चोवीस वर्षांचा, सायकलवाला, आणि स्वभावानं इतका गंभीर की त्याला हसताना पाहिलं ते फक्त त्याच्या आईनं. संध्याकाळी तो सायकल समाजाच्या झोपडीला टेकवायचा, मेणबत्ती लावायचा आणि एकेक ओळ म्हणायचा. मागून वस्ती. ती पाली भाषा जिभेवर बसता बसेना. पुरुष मोठ्यानं चुकायचे, बाया हळू चुकायच्या. पण उदबत्तीच्या वासात, मोहाच्या झाडाखालच्या त्या झोपडीत, पन्नास माणसांनी एका सुरात पाच शीलं म्हणायची, यात असं काही सुख होतं की दिवसभर बिड्या वळून बोटं दुखलेल्या बायाही अंघोळ करून वेळेआधी येऊन बसायच्या.

बाकीचे शील म्हणायचे. भिवराबाई शील घ्यायची. हा फरक देवाजीच्या लवकरच लक्षात आला, आणि थोडा त्याच्या जिवावरही आला.

"देवाजी, एक इचारू?"

"इचार ना माय."

"हे चौथं. खोटं बोलू नोको. पोरीले कळा येतेत. थे म्हणते, मरतो व माय. मी म्हणते, झालंच बाय, एक कळ रायली. अन् अजून अर्धा दिवस जायाचा असते. हे खोटं व्हय का नाई?"

बाया पदरात हसू लागल्या. देवाजीनं पुस्तिकेची चारही पानं उलटली. "यात नाई लिवलं, माय."

"लिवणारा बाळंत झाला नसंन."

देवाजीनं आठ दिवस विचार केला. नवव्या दिवशी सायकलवरून उतरायच्या आधीच म्हणाला, "माय, 'जवळ आली' म्हन. दर कळेनं जवळच येते. थे खरंच हाय." भिवराबाईनं मान डोलावली. त्यानंतर पळसटोलीच्या बाळंतिणींना "झालंच" हा शब्द पुन्हा ऐकू आला नाही.

पाचवं शील जड गेलं. तेल्याच्या घरी सून मोकळी झाल्यावर रिवाजाप्रमाणं तिच्यापुढं मोहाची वाटी आली. भिवराबाईनं वास घेतला, डोळे मिटले आणि वाटी परसात ओतली. म्हणाली, "हात थरथरून राह्यले, पन थरथरू दे." महिनाभर थरथरत होते.

पहिलं शील मात्र तिला फार सोपं वाटायचं. पाणातिपाता वेरमणी, जीव घेण्यापासून दूर राहीन. ते ती सगळ्यांत मोठ्यानं म्हणायची, मान वर करून. "मी तं जीव आननारी," असं एकदा म्हणालीही. खरंच होतं ते. निदान तेव्हा.

त्या हिवाळ्यात तिच्या सुनेला, शेवंताला, दिवस गेलेले होते. दुसऱ्या खेपेचे. पहिला मुलगा दोन वर्षांपूर्वी जन्मला, चांगला गुटगुटीत, आणि सातव्या दिवशी दूध घेईना. दातखीळ बसली, अंग ताणलं, तिन्हीसांजेला गेला. असं आमच्याकडं व्हायचं. लोक म्हणत, सटवाईनं लिहिलेलं पुसलं. शेवंता तेव्हापासून कमी बोलायची. आताचं लेकरू म्हणजे वस्तीत धम्म आल्यावरचं पहिलं लेकरू. त्याची पाचवी पुजायची की नाही, यावर झोपडीत, विहिरीवर आणि बिड्यांच्या ढिगापाशी वाद झडत होते. देव तलावात टाकणं सोपं, पाळण्यात लेकरू असताना सटवाईला नाही म्हणणं अवघड. "भिवराबाई काय करते थे पाहू," असं सगळ्यांनी ठरवून ठेवलं.

फाल्गुनात तालुक्याच्या गावी सरकारनं सुईणींची शिकवणी ठेवली. देवाजीनं तिचं नाव घातलं. "मले शिकवतेत? म्या याची नाळ कापली अन् हा मले शिकवाले पाठवते," असं कुरकुरत ती गेली. चार दिवस.

नर्सबाई तरुण होती, पण आवाज न चढवता बोलायची. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "आजी, नाळ कशानं कापता?"

"इळ्यानं."

"वेगळा विळा?"

"वेगळा कायचा? गवत कापाचाच. धुते ना मी."

"आणि नाळेवर काय लावता?"

"गोवरीची राख. सुकते लवकर."

नर्सबाईनं पातेल्यात पाणी उकळायला ठेवलं. ब्लेड त्यात टाकलं, दोरा टाकला. "आजी, मातीत, शेणात, गंजात एक विष असतं. डोळ्यांना दिसत नाही. कापलेल्या नाळेतून ते बाळाच्या अंगात जातं. मग पाचव्या-सातव्या दिवशी दातखीळ बसते, अंग ताणतं. धनुर्वात म्हणतात त्याला. सटवाई नाही न् बिटवाई नाही. हात साबणानं धुवा, ब्लेड उकळा, नाळेवर काही लावू नका. बाळ जगतं."

बाकीच्या सुईणींनी माना डोलावल्या. भिवराबाईनं एकच विचारलं, "मंग सारेच काऊन नाई मेले?"

"प्रत्येक विळ्यावर विष नसतं, आजी."

चौथ्या दिवशी मोतीराम गाडी घेऊन आला. वाटेत पळस फुलून पेटला होता. दरवर्षी ती पळस पाहून काहीबाही बोलायची; त्या दिवशी बोटांवर काहीतरी मोजत बसली. तेल्याच्या जुळ्यांच्या आधीचं एक. कोतवालाच्या दोन पोरी. पाटलाचं मधलं. फागो रामटेकेचं नवसाचं. दोन्ही हातांची बोटं संपली तरी एक उरलं. ते मोतीरामचंच.

"काय मोजून राह्यली माय?"

"काई नाई. गाडी पाहून हाक."

त्या पौर्णिमेला देवाजीनं शील म्हणायला सुरुवात केली तेव्हा बायांच्या बाजूनं सगळ्यांत मोठा आवाज आलाच नाही. भिवराबाई ओठ मिटून बसली होती. दुसऱ्या शीलाला तिनं तोंड उघडलं. त्यानंतर दर वेळी तसंच. देवाजीनं पाहिलं, पण भिवरामायला टोकायची त्याची छाती नव्हती.

चैत्री पौर्णिमेनंतर चार दिवसांनी सकाळी शेवंता बाळंत झाली. मुलगी. भिवराबाईनं साबणानं हात कोपरापर्यंत धुतले, तीन वेळा. ब्लेड उकळलं, दोरा उकळला, राखेचं गाडगं घराबाहेर नेऊन ठेवलं. शेवंताची आई, सायत्राबाई, लेकीच्या बाळंतपणाला आली होती. ती हे सगळं तोंडाला पदर लावून पाहत होती. "काय वो बाई, नाळेले मीठमसाला लावून उकळता का आता?" ती म्हणाली. भिवराबाई उकळलेला दोरा बांधत राहिली. एरवी तिनं उत्तर दिलं असतं आणि ते विहीणबाईंना महिनाभर पुरलं असतं.

पाचव्या दिवशी संध्याकाळी भिवराबाई घरात आली तर पाट्यावर वरवंटा उभा. हळदकुंकू लावलेला, खणाचा तुकडा गुंडाळलेला. शेजारी कागद आणि घुगऱ्या. शेवंता पोरीला छातीशी धरून कोपऱ्यात, डोळे खाली. दाराबाहेर शेजारच्या चारपाच बाया, काही काम नसताना आलेल्या.

"विहीनबाई, हे काहाले?"

"कोनाले सांगत नाई," सायत्राबाई हळू आवाजात म्हणाली. तिचेही डोळे भरले होते. तीही आजीच होती. "मास्तरले नोको समजू देऊ. बुद्धाले एक हात जोडा, सटवाईले एक जोडा. बुद्ध काई रागीट नाई म्हणतेत. पन हे बाई रागीट हाय. पयलं नेलं तिनं. तुमचा का दोष होता? तुमचा नोहता, माह्या लेकीचा नोहता. तिनंच नेलं. आता हेबी नेलं तं?"

भिवराबाई पाट्यापुढं बसली. खरं सांगायचं तर त्या घटकेला तिला हात जोडावेसे वाटले. फार वाटले. भीतीनं तर वाटलेच, पण दुसऱ्याही एका गोष्टीसाठी. सटवाई असेल तर ती अकराही तिनं नेली. पस्तीस वर्षं तिनं नेली, आणि भिवराबाई गणवीर फक्त नाळ कापणारी, निर्दोष बाई. सटवाई नसेल तर मग ती कुणी नेली? एवढ्याशा वरवंट्यामागं तिला आयुष्यभर लपता आलं असतं. विहीणबाई तिला मायेनं जागा करून देत होती, आणि ती जागा ऊबदार होती.

तिनं हात पुढं केला. वरवंट्याचा खण सोडला, घडी करून सायत्राबाईच्या मांडीवर ठेवला. तांब्याभर पाण्यानं हळदकुंकू धुतलं. मग शिंकाळ्यातलं जवसाचं गाडगं काढलं, मिरची घेतली, मीठ घेतलं, आणि सगळ्यांसमक्ष चटणी वाटायला बसली. वाटताना तिचे खांदे हलत होते. दारातल्या बायांपैकी कुणीतरी "वो माय" म्हणालं आणि तोंडावर हात ठेवला.

"शेवंते, भाताबरोबर देऊ का थोडीशी?" भिवराबाईनं विचारलं.

सायत्राबाई त्या दिवशी जेवली नाही.

मग ते दिवस. सहावा. सातवा. सातव्या दिवशी शेवंतानं पोरीला दर घटकेला उठवून पाजलं. भिवराबाई शेजारी बसून त्या इवल्या जबड्याकडं पाहत राहिली. पोरगी चुरूचुरू दूध ओढायची आणि मध्येच रागानं लाथ मारायची. आठवा. नववा. दहाव्या दिवशी नाळ आपली आपण गळून पडली होती, कोरडी, स्वच्छ, आणि वस्तीनं आनंदानं गलका केला. देवाजी मास्तर सायकलची घंटी वाजवत आला आणि त्या दिवशी चक्क हसला. नाव ठेवलं विशाखा. ज्या घरांत कुणाला दिवस गेलेले होते, त्यांनी तिथल्या तिथं ठरवलं की आता पाचवी बंद.

भिवराबाई चुलीपाशी बसून रडत होती. लोक म्हणाले, आनंदाचं रडू आहे. बिचारीनं किती सोसलं.

देवाजी तिच्याजवळ येऊन बसला. "माय, जिंकलो आपुन."

"हो. पोरगी जगली," ती म्हणाली. "म्हणजे नर्सबाई खरं बोलली. म्हणजे बाकीचे म्या मारले."

तिनं त्याला अकराही नावं सांगितली. जी नाव ठेवायच्या आत गेली, त्यांच्या बापांची सांगितली. देवाजीचा चेहरा उतरला. मग म्हणाला, "माय, तुले मालूम नोहतं. धम्मात मनाले मोल हाय. तुह्या मनात मारायचं नोहतं. मंग थे पाप नोहे. तू पयलं शील बिनघोर म्हनू शकतेस."

"हे तू म्हनतोस. तुही नाळबी त्याच इळ्यानं कापली, तू वाचला म्हनून म्हनतोस." तिनं डोळे पुसले. "ज्यायचे गेले थ्यायले इचारल्याबिगर मी पयलं नाई म्हननार."

आणि भिवराबाई बोलली की करायची. त्या आठवड्यात ती एकेक दार चढली. कोतवालाच्या बायकोनं शिव्या घातल्या. फागोची बायको नुसती रडली आणि तिला पाणी दिलं. तेलीण म्हणाली, "जुनं काहाले उकरते व? सटवाईच बरी होती." पाटलीणबाईला सांगायला ती परसदारानं गेली, पाटलीणबाईनं सगळं ऐकलं, आत गेली आणि दार लावून घेतलं. दोघी आया आता या जगात नव्हत्या. सगळ्यांत अवघड दार तिच्या स्वतःच्या घरात होतं, ते तिनं शेवटी ठेवलं.

दुपारची वेळ होती. शेवंता पोरीला पाजत बसली होती.

"शेवंते, एक सांगाचं हाय."

"सांगा ना, आत्याबाई."

"पयल्या लेकराची नाळ म्या इळ्यानं कापली होती. वरून राख लावली. जहर त्यातूनच गेलं."

शेवंताला कळायला वेळ लागला. "म्हणजे सटवाई..."

"सटवाई नोहती, बाय. मी होती."

पोरगी दूध पितच होती. मग शेवंता जे बोलली ते भिवराबाई मरेपर्यंत विसरली नाही. "मले काहाले सांगितलं? सटवाईनं नेलं म्हनून मले झोप तं लागत होती."

तिनं पोरीला उचललं आणि भिंतीकडं तोंड फिरवून बसली. दुसऱ्या दिवसापासून विशाखाची अंघोळ सायत्राबाई घालू लागली. भिवराबाईनं तेल कोमट करून दाराशी ठेवायचं आणि मागं सरायचं. हजारभर लेकरं न्हाऊ घालणाऱ्या बाईला आपल्याच नातीला हात लावता येईना. मोतीराम दोघींच्या मध्ये सापडला. एकदा चिडून म्हणाला, "माय, चूप रायली असती तं का झालं असतं?"

"राह्यली असती. पयलं शील तं गेलंच हाय बाप्पा. मंग चौथंबी गेलं असतं."

वैशाखी पौर्णिमा आली. आमची पहिली बुद्धजयंती. झोपडी शेणानं सारवली होती, आंब्याच्या डहाळ्या बांधल्या होत्या, मोठ्या हंड्यात खीर शिजत होती. उन्हाची धग उतरता उतरता सगळी वस्ती पांढऱ्या कपड्यांत येऊन बसली. असा थाट पुढं कितीही मोठ्या विहारात पाहिला तरी त्या संध्याकाळची सर त्याला नाही, असं जुनी माणसं म्हणतात, आणि जुन्या माणसांचं सगळंच खरं नसलं तरी हे खरं आहे. भिवराबाई गुलाबी लुगडं नेसून अगदी मागं, दाराच्या कडेला बसली. पुढं, बायांच्या दुसऱ्या ओळीत, शेवंता पोरीला मांडीवर घेऊन बसलेली होती. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच घराबाहेर पडली होती.

मेणबत्त्या लागल्या. त्रिशरण झालं. देवाजीनं घसा साफ केला आणि पहिलं शील म्हटलं.

मागून आवाज उठायच्या आत शेवंता म्हणाली, "मास्तर, थांबा."

सगळी झोपडी तिच्याकडं वळली. शेवंता चारचौघांत बोलणारी बाई नव्हती. ती उठली, पोरीला कडेवर घेऊन मागं आली आणि सासूपुढं बसली.

"आत्याबाई, तुमी म्हना."

भिवराबाईनं मान हलवली. "तुले चालंन का?"

"नाई चालत," शेवंता म्हणाली. "सकाळी उठले का पयला थोच आठवते. तुमच्या हाताकडं पाहवत नाई. पन इशाखाच्या खेपेले तुमी तीनतीनदा हात धुतले, थेबी म्या पाह्यलं." तिनं मान वळवली. "मास्तर, या शीलात काय हाय? मांगं जे झालं थे पुसाचं, का पुढं कोनाचा जीव जाऊ द्याचा नाई?"

देवाजी पुस्तिकेकडं पाहायला गेला आणि थांबला. "पुढचं," तो म्हणाला. "पुढचंच हाय, वहिनी."

"मंग म्हना, आत्याबाई. अजून पाच बाया दिवसातल्या हायेत वस्तीत." शेवंतानं पोरगी उचलली आणि भिवराबाईच्या मांडीवर ठेवली.

ती पोरगी हातात आली आणि भिवराबाईचे हात आपोआप तिच्या मानेखाली गेले. दहाबारा दिवसांनी. तिनं तोंड उघडलं. "पाणातिपाता" एवढंच निघालं आणि आवाज फुटला. कुणी पुढचा शब्द सुचवला नाही. फागोची बायको वाट पाहत बसली, कोतवालाची बायको, जिनं शिव्या घातल्या होत्या, तीही हात जोडून वाट पाहत बसली. देवाजीनं पुस्तिका मिटली. भिवराबाईनं श्वास घेतला आणि शील शेवटपर्यंत म्हटलं, जड, अडखळत, एकटीनं.

मग बायांनी म्हटलं. देवाजी मास्तरच्या मागून नाही, भिवराबाईच्या मागून.